एक्केचाळीस नंबरचा फोटो

३ जानेवारी, शुक्रवार

मंडळाच्या बैठकीत मी हात वर केला तो खिडकी लावा म्हणून. अध्यक्षीणबाई सुभद्राबाईंनी तो होकार समजून टिपून घेतला आणि यंदाच्या वधू-वर परिचय पुस्तिकेचं काम माझ्या गळ्यात पडलं. मेळावा नऊ फेब्रुवारीला.

खोटं कशाला लिहू? खिडकी लावायला मी उठूनही गेले असते. पुस्तिका माझ्या हाती असावी असं मनात होतंच. अनुजाला एकोणतिसावं लागलंय. सहा स्थळं आली नि गेली. कधी मुलगा फार बोलतो, कधी मुळीच बोलत नाही. मी काही म्हटलं की ती 'आई, नको ना' म्हणते आणि हजीऱ्याच्या कंपनीच्या बसला धावते. लोक मला विचारतात तेव्हा मी हसते, पण घरी आल्यावर जेवण जात नाही. हा मेळावा फुकट जाऊन चालणार नाही.

हे म्हणाले, "तिला विचारलंस का?" विचारलं तर ती नाही म्हणेल. मग विचारून उपयोग काय?

५ जानेवारी, रविवार

चाळीस फॉर्म आले. बत्तीस वर्षं महानगरपालिकेच्या मराठी शाळेत वह्या तपासल्या, पण असलं शुद्धलेखन पाहिलं नव्हतं. एकाने अपेक्षेत लिहिलंय, 'मुलगी साधी, सरळ व चारचाकी चालवणारी'.

अनुजाचा फॉर्म मीच भरला. पहिला ठेवला तर संपादकीणबाईंची मुलगी म्हणून पुढे घातली असं म्हणतील, म्हणून एक्केचाळीस नंबर दिला.

गेल्या वर्षीची फाइल फोटोंनी इतकी फुगली होती की मेलवर जाईना. म्हणून मी फोटो टाकताना 'लिंक'वर टिचकी मारते. फोटो पानावर दिसतो आणि फाइल हलकी राहते. अशा सोयी कोणी शिकवत नाही, आपल्याच शोधाव्या लागतात. फोटोंना फॉर्मचेच नंबर दिले. डी ड्राइव्हवर 'फोटो' नावाचं फोल्डर केलं. संध्याकाळभर ते फोल्डर उघडून नुसती बघत बसले, सगळे एका रांगेत.

अनुजा चहा घेऊन आली. "आई, एक सांगायचं होतं."

मी म्हटलं, "आधी हे सांग, 'उंची'चा रकाना 'शिक्षणा'च्या आधी हवा की नंतर?"

"नंतर," म्हणाली आणि कप उचलून गेली. काय सांगायचं होतं ते राहिलंच.

८ जानेवारी, बुधवार

डिंडोलीला हर्षलच्या दुकानात जाऊन पेनड्राइव्ह दिला. हर्षल हा यंत्रमागावर काम करणाऱ्या भिकन लूमवाल्याचा मुलगा, माझ्या चौथी 'ब'मधला. त्याचं अक्षर गचाळ होतं, पण नकाशा असा काढायचा की तापी नदी वाहते आहे असं वाटावं. आता साड्यांचे कॅटलॉग करतो. चार कॉम्प्युटर, दोन माणसं कामाला. मला पाहून उभा राहिला तो मी बसेपर्यंत उभाच. वळण आहे.

भिकन तिथेच बसला होता. "या बाई, बसा. मन्हा हर्शल तुमनाच हातखाले शिकेल शे." मग खिशातून फॉर्म काढला. "याना बी फारम भरी ल्या बाई. दोन वरीस व्हयनात, लगीननं नाव लेत नही."

हर्षल म्हणाला, "बाबा, राहू द्या ना." पण मी फॉर्म पर्समध्ये घातलासुद्धा. बेचाळीस नंबर. ज्या घरी हा जावई म्हणून जाईल त्यांचं भलं होईल. आपल्याला काय!

११ जानेवारी, शनिवार

आजचा दिवस डोक्यात राहील.

प्रूफ आलं. पान सहा. क्रमांक चौदा, नितीन, बी.ई. मेकॅनिकल, उंची पाच फूट सात, निर्व्यसनी. आणि फोटोच्या जागी जांभळी जॉर्जेट, सोनेरी लेस. क्रमांक वीस, बँकेत कायम नोकरी. फोटोत लाल बांधणी. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस उमेदवारांच्या जागी साड्या! आमच्या अनुजाच्या जागी पोपटी रंगाची, कैऱ्यांच्या काठाची. ती साडी मात्र मला आवडली, हे इथेच लिहिते.

मी हर्षलला फोनवर असा झापला की चौथीतसुद्धा कधी झापला नसेल. तो शांतपणे म्हणाला, "बाई, दुकानात या, दाखवतो."

गेले. त्याने पडद्यावर बोट ठेवून सांगितलं, "बाई, तुमच्या फाइलमध्ये एकही फोटो नाही. नुसते पत्ते आहेत. डी ड्राइव्ह, फोटो नावाचं फोल्डर, नंबर चौदा. माझ्या कॉम्प्युटरने तो पत्ता शोधला. माझ्याकडेपण डी ड्राइव्ह आहे, फोटो नावाचं फोल्डर आहे, आणि त्यात चौदा नंबरला साडी राहते."

"मग माझ्या घरी बरे दिसतात?"

"तुमच्या घरी त्या पत्त्यावर माणसं राहतात ना."

मला कळलं, पण लगेच कळलं असं दाखवलं नाही. उपाय त्यानेच सांगितला. फाइल आणि सगळे फोटो एकाच फोल्डरमध्ये ठेवायचे, म्हणजे फाइल मोठा पत्ता सांगत नाही, 'माझ्या शेजारीच बघ' एवढंच म्हणते. मग ते फोल्डर उचलून कुठेही न्या. शेवटी पीडीएफ केली की फोटो कायमचा आत जातो. "तोपर्यंत त्या पत्त्यावर माणूस घरी असला पाहिजे, बाई."

त्याने बसल्या जागी सगळं नीट जोडून दिलं. नव्या फोल्डरचं नाव मी 'मेळावा' ठेवलं.

घरी येऊन सोफ्यावर बसले तर अनुजा हसत म्हणाली, "काय गं, नितीन मेकॅनिकल जॉर्जेटमध्ये कसा दिसतो?" मी सकाळपासून तिच्याशी बोललेच नव्हते. यांनी सांगितलं असणार. पण यांना तरी मी कुठे सांगितलं होतं?

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आमच्या अडाजणच्या सोसायटीची गच्ची रिकामी सोडून अनुजा 'मैत्रिणीच्या गच्चीवर' डिंडोलीला गेली. अंधार पडता परतली, बोटाला मांजाचं कापलेलं आणि चेहरा उन्हाने लाल. हातात तिळाच्या लाडवांचा डबा. लाडू उत्तम, गूळ चांगल्या पाकाचा. मैत्रिणीच्या आईला कृती विचारून ये म्हटलं, तर हे उगाच खोकले.

१६ जानेवारी, गुरुवार

आमच्या मंडळाची एक रीत आहे. कोणाचं जमलं की त्याच्या फॉर्मवर कुंकवाचं बोट टेकवून फॉर्म वेगळ्या पिशवीत ठेवायचा. नावावर काट मारायची नाही, ते अशुभ. पुस्तिकेत तो नंबर रिकामा सोडून पुढचा येतो, आणि मेळाव्यात बायका आधी रिकामे नंबरच शोधतात. कोणाचं जमलं, कोणाशी जमलं यावर अर्धा मेळावा निघतो.

सातचं आणि एकोणिसाचं जमलं. फॉर्मवर कुंकू लावलं. पण कॉम्प्युटरवर कुंकू लावता येत नाही आणि लग्नाच्या मुलीचा फोटो 'डिलीट' करायला माझा हात धजेना. मग युक्ती सुचली. 'मेळावा'च्या आत 'जमले' नावाचं छोटं फोल्डर केलं आणि दोन्ही फोटो उचलून त्यात ठेवले. घरात सगळ्यांना बोलावून दाखवलं. हे म्हणाले, "छान." अनुजाने मात्र दोनदा विचारलं, "म्हणजे ज्याचं जमलं त्याचा फोटो इथे आणून ठेवायचा? बस, एवढंच?" बस, एवढंच. तिला माझ्या कामात रस वाटू लागला याचं बरं वाटलं.

संध्याकाळी हर्षलचा फोन. "बाई, माझा फॉर्म काढा. माझं जमलंय."

"अरे वा! कोणाशी? मुलगी काय करते?"

"नोकरी करते. नाव नंतर सांगतो बाई, तिच्या घरी अजून बोलायचंय."

मी त्याला उपदेश केला. मुलीच्या आईला आधी विश्वासात घे, आया वाईट नसतात, फक्त त्यांना वेळेवर सांगायला हवं. तो 'हो बाई, हो बाई' करत राहिला. बेचाळीस नंबरही 'जमले'मध्ये हलवला. फॉर्मवर कुंकू मात्र मुलीचं नाव कळल्यावर. उगाच जरा वाईट वाटलं, का ते कळलं नाही.

१८ जानेवारी, शनिवार

दुसरं प्रूफ. माणसांच्या जागी माणसं आली, देवाची कृपा. पण सात, एकोणीस आणि बेचाळीस या जागी नुसते चौकोन, कोपऱ्यात लाल फुली.

हर्षलने विचारलं, "बाई, हे फोटो हलवलेत का?" 'जमले'ची युक्ती सांगितली तर त्याला आवडली. म्हणाला, "पण फाइलला तुम्ही सांगितलं नाहीत ना. ती बिचारी जुन्या जागी हाका मारतेय. फोटो हलवला तर पानावरचा मजकूरही काढा." काढून दुसऱ्या फाइलमध्ये ठेवला. पुसला नाही.

धडा लिहून ठेवते: चौकोन रिकामा दिसला तर फोटो पुसलेला नसतो, हललेला असतो.

२३ जानेवारी, गुरुवार

फॉर्म शहाऐंशी झाले. फोल्डर पाठवलं, प्रूफ आलं, आणि एक्केचाळीस रिकामा! लाल फुली, नेमकी माझ्याच मुलीवर.

हर्षलला फोन केला. आधी 'कितवा नंबर, बाई?' असं दोनदा विचारलं. मग म्हणाला, "बाई, माझ्याकडे आलंच नाही ते. घरीच बघा. फोटो कुठे हलला असेल."

माझ्याशिवाय त्या फोल्डरला कोणी हात लावत नाही. तेव्हा मी त्याला स्पष्ट सांगितलं, की तुझ्या कॉम्प्युटरला बरं नसेल, व्हायरसबियरस बघ. अनुजाचा दुसरा फोटो शोधला, डुमसच्या किनाऱ्यावरचा, चष्म्याशिवायचा. त्याला एक्केचाळीस नाव देऊन ठेवला. हा पहिल्यापेक्षा चांगला आहे, म्हणजे झालं ते बरंच झालं.

२७ जानेवारी, सोमवार

अनुजा साडी नेसून कंपनीत गेली. कोणाचा तरी निरोप समारंभ होता. पोपटी, कैऱ्यांच्या काठाची. फार शोभली. कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली. विचारलं तर म्हणाली, "गिफ्ट आहे." कंपन्या हल्ली साड्यासुद्धा देतात.

रात्री जेवताना म्हणाली, "आई, आता ऐकशील का? मला पुस्तिकेत नाव नकोय."

माझा तोल गेला. "सहा स्थळांना नाही म्हणालीस, आता पुस्तिकेलाही नाही म्हण. मी मेल्यावर कोण बघणार आहे तुझं?" असं बोलायला नको होतं. ती ताटावरून उठली नाही, पण जेवलीही नाही. हे पहिल्यांदाच मोठ्या आवाजात म्हणाले, "वंदना, ती सांगतेय ते पुरतं ऐकून तरी घे." मी ऐकलं नाही. मी भांडी घासली. वाटलं, हिच्यासाठीच तर चाललंय सगळं, आणि हिलाच नको.

३० जानेवारी, गुरुवार

शेवटचं प्रूफ. एक्केचाळीस पुन्हा रिकामा.

मी रागाने कॉम्प्युटरसमोर बसले. हर्षलला बोलवायचं नाही, व्हायरसला शिव्या द्यायच्या नाहीत, आज स्वतः छडा लावायचा. हे मागून म्हणाले, "तूच लिहून ठेवलंयस ना? चौकोन रिकामा दिसला तर फोटो हललेला असतो. मग कुठे हललाय ते शोध की." हे माझी वही वाचतात वाटतं. पुढे बघू त्याचं.

शोधाच्या चौकटीत एक्केचाळीस टाकलं. कॉम्प्युटर दोन मिनिटं गरगरला आणि पत्ता समोर आला.

डी ड्राइव्ह. मेळावा. जमले.

मी ते फोल्डर उघडलं. सात. एकोणीस. मग एक्केचाळीस, अनुजाचा चष्म्याचा फोटो. त्याला लागून एक्केचाळीसचाच दुसरा, डुमसचा. पोरगी दोनदा तिथे जाऊन बसली होती. आणि शेवटी, तिच्या शेजारी, बेचाळीस.

जॉर्जेट आठवली, लाडू आठवले, मांजाचं बोट, पोपटी साडी. हर्षलला मी दिलेला उपदेशही आठवला आणि कानापर्यंत तापले. आया वाईट नसतात म्हणे!

पहिला आला तो राग. यांना ठाऊक, बहुधा गच्चीवरच्या साऱ्या डिंडोलीला ठाऊक, आणि पुस्तिकेची संपादक एकटी अडाणी. मग जे आलं तेही लिहिते, कारण इथे नाही तर कुठे लिहू? मनात आलं, लूमवाल्याच्या घरी? बत्तीस वर्षं त्याच घरांतल्या पोरांना शिकवून मी जेवले. त्यांची पोरं हुशार आहेत म्हणून भाषणं केली. आणि माझ्या मुलीची वेळ आली तर मनात हे आलं. लाज वाटली. ती लाज रागाच्या वरताण झाली, हे बरं झालं.

आणि मग रडले. पोरीने मला सांगायचा प्रयत्न केला होता, तोंडाने जमेना तेव्हा माझ्याच रीतीने सांगितलं. मला कळेल अशा एकाच जागी नेऊन ठेवलं, आणि मी पहिल्या वेळी व्हायरस म्हणाले, दुसऱ्या वेळी चिडले.

३१ जानेवारी, शुक्रवार

अनुजा बसमधून उतरून घरी आली. मी चहा केला, कप तिच्यासमोर ठेवला आणि गप्प बसले. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "आई, बरं नाहीये का?"

"तुला एक सांगायचं होतं ना. सांग."

चार मिनिटं मी एकही शब्द मध्ये घातला नाही. हे घड्याळाकडे बघत होते. दोन वर्षं ओळख आहे. कंपनीच्या वार्षिक अहवालाचं काम त्याच्याकडे होतं, तिथे भेटले. तो म्हणत होता, बाईंना मीच जाऊन सांगतो, पण आई, तुझ्यासमोर आला की त्याला चौथीत असल्यासारखं वाटतं. इथे मला हसू आलं आणि मग तीही हसली. म्हणाली, "दुसरा फोटो हलवताना कॉम्प्युटर विचारत होता, या नावाचा फोटो इथे आधीच आहे, दोन्ही ठेवू का? मी म्हटलं ठेव. आईला एकदा सांगून भागत नाही."

२ फेब्रुवारी, रविवार

डिंडोलीला गेले. हर्षल उभा राहिला. आज मी बसले तरी तो बसेना. भिकन कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. मला बघताच म्हणाला, "बाई, माले बी कालदिनच समजनं! पोरेस्नी आपले येडं बनाडं." म्हणजे अडाणी मी एकटी नव्हते. माणूस मनाने फार चांगला आहे.

हर्षलने हळूच विचारलं, "बाई, छपाईला टाकायचंय. एक्केचाळीसचा चौकोन रिकामा आहे. काय करू?"

"फोटो योग्य जागी आहे," मी म्हटलं. "पानावरचा मजकूर काढ. आणि आता ती पीडीएफ कर, म्हणजे कोणी हलणार नाही."

पर्समधून दोन्ही फॉर्म काढले. घरून कुंकवाची डबी नेली होती. एक्केचाळीसवर बोट टेकवलं. बेचाळीसचा फॉर्म भिकनपुढे केला. त्याने बोट असं दाबून लावलं की कुंकू 'उंची'च्या रकान्यापर्यंत पसरलं. एरवी मी असलं खपवून घेत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

मेळावा झाला. पुस्तिका छान निघाली, एकही साडी नाही. नितीन मेकॅनिकल स्वतःच्या चेहऱ्याने छापून आला आणि तीन जणींनी त्याची चौकशी केली.

सुभद्राबाई चष्मा सावरत पानं उलटत होत्या. सात रिकामा, कोणाचं ते त्यांना माहीत होतं. एकोणीस रिकामा, तेही माहीत होतं. मग थांबल्या. "वंदनाबाई, चाळीसवरून एकदम त्रेचाळीस? तुमच्या हातून दोन नंबर गळले का?"

"माझ्या हातून काही गळत नाही."

"मग एक्केचाळीस आणि बेचाळीस, लागोपाठ दोघांचं जमलं? कोणाकोणाशी हो?"

समोर अनुजा पोपटी साडीत खुर्च्या लावत होती आणि हर्षल दुसऱ्या टोकाने त्याच रांगेतल्या खुर्च्या लावत येत होता.

मी म्हटलं, "एकमेकांशी."